माजी गव्हर्नर आणि आमचे सभापती

मी शिरूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. वडगाव रासाईच्या अलीकडच्या एका गावात ठिबकवरचा ऊस बघायला मेक्सिकोहून पाहुणे येणार होते. त्यांत तिथल्या एका राज्याचे, निवडून आलेले माजी गव्हर्नर होते. पंचायत समितीचे सभापती त्याच गावचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सर, तुम्ही निस्तं मधी बसा. ते बोलतील ते मराठीत सांगा."

पाहुणे स्पॅनिशमध्ये बोलत. त्यांच्या सोबतची मुलगी त्याचं इंग्रजी करी आणि मी मराठी. त्यामुळे नुसत्या नमस्कारालाच बराच वेळ लागला.

उसात पाहुणे फारसे रमले नाहीत. जेवण आप्पांच्या घरी होतं. पंगत बसल्यावर आप्पांनी मनातलं विचारलं.

"राज्यपाल तर दिल्लीवरनं नेमत्यात. मग हे निवडून कसं आलं?"

त्यांच्याकडे गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, आणि त्याला लोक थेट निवडतात, असं उत्तर आलं. ते ऐकून आप्पा उठले आणि पाहुण्यांना स्वतः वाढायला लागले.

गव्हर्नरांनी मग आपलं सगळं सांगितलं. आधी ते शाळामास्तर होते. संपात पुढे झाले म्हणून नोकरी गेली, आणि नोकरी गेली म्हणून नगराध्यक्ष झाले. मग खासदार. मग सहा वर्षं गव्हर्नर.

आप्पा परत आपल्या ताटावर बसले. "दुसऱ्या टर्मला पडले का?"

पाहुण्यांचं उत्तर मी सांगितलं, "उभंच राहता येत नाही. तसा कायदाच आहे. गव्हर्नर आयुष्यात एकदाच."

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. "परत विचारा. भाषांतरात कायतरी चुकलंय."

मी परत विचारलं. चुकलं नव्हतं.

काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग ह्यांच्या जागी कोण आलं?"

पाहुणे म्हणाले, त्यांनी स्वतःच्याच माणसाला उभं केलं, निवडून आणलं. शपथ घेतल्यावर त्यानं गळामिठी मारली आणि त्यानंतर कधी फोन उचलला नाही. "तरी मी रोज सकाळी कोट घालून बसायचो. शेवटी बायको म्हणाली, आता मी इस्त्री करणार नाही."

काकू खो खो हसल्या. आप्पा हसले नाहीत. "ह्यांनी घरातलं माणूस उभं करायला पाहिजे हुतं," एवढंच म्हणाले.

पुढच्या वेळी सभापतिपद महिलांसाठी राखीव निघालं. आप्पांनी काकूंना उभं केलं, वाडीवस्तीवर फिरून प्रचार केला. काकू निवडून आल्या, सभापती झाल्या.

थोड्याच दिवसांनी शाळेच्या गळक्या छताचं निवेदन घेऊन मी पंचायत समितीत गेलो. खुर्चीत आप्पा होते. तेवढ्यात काकू आल्या.

"अवो, उठा."

"असू दे की. मी बघतो."

"मलाबी बघता येतंय. तुम्ही बाहेर बसा."

क्लार्क भिंतीकडे बघत राहिला. आप्पा उठले. माझं काम उरकून मी बाहेर आलो, तर ते बाकावर बसलेले. मीही शेजारी बसलो.

"छत मंजूर केलं का?" त्यांनी विचारलं.

"हो. लगेच."

"व्हय, करणारच," आप्पा म्हणाले. मग शिपायाला हाक मारून त्यांनी दोन चहा सांगितले. शिपाई आधी आत विचारायला गेला.