कुरखेड्याची पाटी

“हे पोरगी वाघाचा फोटो नाई काढत, वाघाची माफी मागते,” चाचा चहावाल्याला सांगत होते. ती पोरगी म्हणजे मी, आणि मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून आत जावं की परत फिरावं याचा विचार करत होते. आदल्या दिवशी ठेवून गेलेले माझे फोटो काउंटरवर पसरलेले होते. प्रत्येकात वाघ होता, पण शोधायला दुसऱ्या कुणाची मदत लागेल इतका लहान. चहावाल्याने एक फोटो उलटासुलटा करून पाहिला. “याच्यात कुठी आहे वाघ?” “आहे ना, त्या सागाच्या मागं. हिनं त्याले त्रास नाई देल्ला,” चाचा म्हणाले. मी हळूच वळले, तर मान वर न करताच त्यांची हाक आली, “ये बेटा, आत ये. पायरीवर दोनदा चप्पल घासणारी तूच एक आहेस.”

चाचा माझ्या नात्यातले नाहीत. चंद्रपूरच्या बसस्टँडसमोर त्यांचं कॅमेऱ्यांचं दुकान आहे, आणि सारं गाव त्यांना चाचा म्हणतं. लेन्स विकायला बसून लेन्स न विकण्यात अख्खं आयुष्य घालवलेला असा दुसरा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून सापडणार नाही. गिऱ्हाईक लेन्स मागायला आलं की चाचांना प्रथम त्याची काळजी वाटते, मग जंगलाची, मग लेन्सची, आणि या तिन्ही काळज्या मिटेपर्यंत गिऱ्हाईक बहुधा घरी गेलेलं असतं. लेन्सवर छापलेले आकडे त्यांना मान्य नाहीत. त्यांच्याकडे लेन्सला गावांची नावं आहेत, लेन्स जितकं लांबचं दाखवते तितकं चंद्रपूरहून लांबचं गाव, या हिशोबाने. सत्तर-तीनशे म्हणजे ‘मूल’. शंभर-चारशे म्हणजे ‘सावली’. दीडशे-सहाशे म्हणजे ‘आलापल्ली’. आणि झूम न होणारी, तोफेसारखी दिसणारी ती भलीमोठी सहाशेची लेन्स म्हणजे ‘सिरोंचा’. ती कुणी मागितली की चाचा दुःखाने विचारतात, “सिरोंचाले जाऊन काय करशीन बाबू? जेवाले घरी याचं आहे ना?”

तरीही हट्ट धरणाऱ्यासाठी काउंटरखाली तांदळाची एक पिशवी असते. ती गळ्यात अडकवून गिऱ्हाइकाला चहा होईपर्यंत उभं करायचं. “जिप्सीत चार तास बसाचं आहे तुले. लेन्स डोळ्यानं नाई, मानेनं घेतात.” त्यातूनही जो टिकेल त्याच्यासाठी कानांचा अल्बम. चाचांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या या अल्बमात नुसते वाघाचे कान आहेत. कुठे एक कान, कुठे कान आणि अर्धी मिशी. लोक लांबची लेन्स लावून बसतात आणि वाघ येतो तो नेमका जिप्सीच्या चाकाशी. मग चौकटीत कान तेवढा मावतो. मध्येच लेन्स बदलावी म्हटलं तर उन्हाळ्यातली ताडोब्याची धूळ कॅमेऱ्यात आधी शिरते. “म्हणून जवळही पाहता आलं पायजे, दूरही,” चाचा पान उलटत म्हणतात. “हा पाहा, पुण्याचा कान. हा मुंबईचा. हा आपल्या वरोऱ्याचा, पण शिकून राह्यला आता.”

शेवटची परीक्षा पाटीची. कॅमेऱ्याला लेन्स चढवून फुटपाथवर उभं राहायचं आणि स्टँडच्या अगदी टोकाला लागलेल्या गाडीची पाटी मोठ्याने वाचून दाखवायची. मोठ्याने, म्हणजे आत गल्ल्यावर बसलेल्या चाचांना ऐकू येईल अशी. वाचल्याशिवाय लेन्स नाही. मग चाचा स्वतः बाहेर येऊन कॅमेरा डोळ्याला लावत आणि निकाल देत, “बराबर. आलापल्ली.”

माझं घोडं इथेच अडलं होतं. पहिल्या नोकरीच्या पैशातून घ्यायची म्हणून मी दीडशे-सहाशे मनात पक्की केली होती, आणि चार महिने ती काचेच्या कपाटातून माझ्याकडे पाहत होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. पाटी मला दिसायची, अक्षरं मनात जुळवायला एक क्षण जास्त लागायचा, आणि तेवढ्यात स्टँडवरची माणसं आपल्याकडेच पाहताहेत असं वाटून आवाज आपोआप खाली जायचा. “सावली,” मी गाडीवरची पाटी पुटपुटायचे. “काय म्हणते? मुंगीशी बोलून राह्यली का?” आतून आवाज यायचा. मी कॅमेरा परत ठेवायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यायचे.

एकदा त्यांनी विचारलं, “आलापल्लीच काऊन पायजे तुले? तुया हाताले सावली बरी आहे. हलकी आहे, सकाळच्या उजेडात चांगली चालते.” मी वाघ लांब असतो वगैरे काहीतरी सांगितलं. चाचा लेन्सची काच पुसत होते. “वाघ लांब नसते बेटा. तुले लांब राहाचं आहे.”  पुढचे दोन शनिवार मी गेले नाही.

तिसऱ्या शनिवारी गेले, आणि त्या दिवशी मला ते दिसलं. एका गिऱ्हाइकाने पाटी वाचून, झाकण लावून दिलेला कॅमेरा चाचांनी डोळ्याला लावला, नेहमीसारखी मान जराशी कलती केली आणि म्हणाले, “आलापल्ली. एकदम साफ.” लेन्सचं झाकण लावलेलंच होतं.

कमी बोलणाऱ्या माणसाला बघायला वेळ फार मिळतो. त्यानंतर मी चाचांकडेच बघत राहिले. चहावाला दुपारचा पहिला चहा घेऊन आला की आलापल्लीची गाडी लागलेली असते, दुसरा चहा आला की कुरखेड्याची. चाचांना सगळं वेळापत्रक चहावर पाठ होतं. लेन्सची काच ते बोटाच्या टोकाने तपासत, माणसं पावलांवरून ओळखत, अल्बमातले कान पानांच्या क्रमावरून, आणि माझ्या फोटोतला वाघ मी देताना पुटपुटलेल्या जागेवरून. आणि पाटी मोठ्याने वाचायला लावत, कारण लेन्स कशी आहे हे त्यांना आता आमच्या आवाजावरूनच कळत होतं. ठामपणे वाचलं तर लेन्स चांगली, अडखळत वाचलं तर काहीतरी बिघाड. मी मात्र चांगल्या लेन्समधूनही अडखळत होते. दोष लेन्सचाच असेल असं समजून चार महिने त्यांनी त्या आलापल्लीची काच किती वेळा पुसली होती, ते मला आठवलं.

शिवरात्रीच्या आठवड्यात नागपूरहून एक वकीलसाहेब आले. अंगात पुष्कळ खिशांचं जाकीट. त्यांनी तांदळाची पिशवी सोसली, कान पाहिले आणि दुसरा चहा येता येता सावलीवर राजी झाले. चाचा खुशीत होते. त्या खुशीत रिवाज मोडून, गिऱ्हाइकाच्या आधी त्यांनी स्वतःच काउंटरमागून कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाले, “कुरखेडा. घ्या साहेब, पाहा.”

वकीलसाहेबांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. “चाचा, मार्कंडा लिहिलंय.”

मार्कंड्याच्या जत्रेच्या जादा गाड्या सकाळपासून सुटत होत्या आणि स्टँडवरचा सगळा क्रम बदलून गेला होता. हे चहाला माहीत नव्हतं.

चाचांचा हात काउंटरवर काहीतरी शोधू लागला. वकीलसाहेब हसत म्हणाले, “साक्ष फिरली तुमची. तुम्हालाच दिसत नसेल तर आम्ही लेन्स कुणाच्या भरवशावर घ्यायची?” ते गमतीनेच म्हणाले असावेत. पण चहावाला खाली बघायला लागला, आणि चाचांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी फुटपाथवर उभी असताना नेहमी माझ्या चेहऱ्यावर असणार.

“कुरखेडा मागे आहे,” मी म्हणाले. “मार्कंड्याच्या मागे उभी आहे. चाचांनी ती वाचली.”

त्या दुकानात माझं एवढं लांब वाक्य कुणी ऐकलेलं नव्हतं. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, स्टँडकडे पाहिलं आणि वाद वाढवला नाही. सावली घेऊन गेले. चहावालाही पेले उचलून गेला.

चाचा बराच वेळ एकच काच पुसत बसले. मग म्हणाले, “मागं गाडी होती काय बेटा?”

उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. ते उठले, चाचपडत कपाट उघडलं आणि आलापल्ली माझ्यासमोर ठेवली. “घेऊन जा. वाचाचं काही काम नाई.” एवढ्या वर्षांत पाटी न वाचता त्यांनी कुणाला लेन्स दिली नव्हती. मला हवी होती ती समोर होती, आणि त्यासाठी तोंडही उघडावं लागणार नव्हतं.

मी ती परत कपाटात ठेवली. शेजारची दुसरी सावली काढली, माझ्या कॅमेऱ्याला चढवली, झाकण काढलं आणि फुटपाथवर गेले. स्टँडवर जत्रेची गर्दी होती. बायका, पोरं, डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं. त्यातली काही माझ्याकडे पाहत होती. मी पाटी दोनदा वाचली, त्या गाडीच्या मागेही नीट पाहिलं, आणि आत गल्ल्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “मार्कंडा आहे, चाचा. मागे काही नाही. कुरखेडा अजून आली नाही. आली की मी सांगते.”