काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नवस

लढाईवरून परत आलो तेव्हा मला झोपेशिवाय काही नको होतं. कुंडलला मळा, विहीर, मोट, उसाची लागण, सगळं जागच्या जागी होतं. माझ्यातच जीव उरला नव्हता. आणि त्यात म्हसवडहून निरोप यायचा, "या, काम अडलंय," की मी पुन्हा धुरळा खात निघायचो. सर्व्हिस मोटारीत हाडं खिळखिळी व्हायची आणि वाटभर मी माझ्या दोस्ताला मनातल्या मनात शिव्या घालत असायचो.

हा दोस्त म्हसवडचा, माझ्याच पलटणीतला. इटलीत सुरुंग फुटला आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. डोंगरावरच्या एका गावात चर्च होतं, तिथंच जखमींना ठेवलं होतं. तोवर आम्ही तऱ्हेतऱ्हेची चर्च बघितली होती. एक डोंगर पोखरून केलेलं, आपल्या कऱ्हाडच्या लेण्यांसारखं. एकात तर भिंतीवर माणसांच्या हाडांची नक्षी. ती बघून आलेल्या दिवशी आमच्यातले निम्मे जेवले नाहीत. पण हे वेगळंच होतं. आतून, बाहेरून, खांबांनासुद्धा काळ्या-पांढऱ्या दगडांचे आडवे पट्टे, घोंगड्याला असतात तसे. घंटेचा मनोरा चर्चला न चिकटता बाजूला एकटाच उभा. आमच्यातल्या एकानं विचारलंच, "कळस शेजारी का काढून ठेवलाय रं?" आम्ही बूट दाराशी काढून आत जायचो आणि तिथल्या लेकरू घेतलेल्या आईच्या मूर्तीपुढं हात जोडायचो. आम्ही तिला माई म्हणायचो.

दोस्त भिंतीच्या कडेला पडून असायचा. त्याचं मन रमावं म्हणून मी त्याला सांगायचो, भिंत अशी आहे, पट्टे असे आहेत. तापात तो माईला नवस बोलला. "मला जित्ता घरला पोचीव. तुजं आसंच देऊळ माज्या रानात बांधीन." मी म्हटलं, बोलू दे बापड्याला, तापात माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

पण तो जिता घरी पोचला, आणि नवस त्याच्या मानगुटीवर बसला. मी समजावून बघितलं, की अरे, तिनं तुझे डोळे कुठं दिले? तर म्हणाला, "डोळं मागितलंच न्हाईत मी. घरला ने म्हणालो, तिनं नेलं. आता माजी पाळी. ह्ये फेडल्याबिगर मला सुखानं मरता बी यायचं न्हाई." त्याला आता दुसरं काही सुचत नव्हतं. आणि ते देऊळ बघितलेला माझ्याशिवाय दुसरा माणूस अख्ख्या माण तालुक्यात नव्हता, त्यामुळं वीट लावायची तरी मीच हजर पाहिजे.

त्याच्या आईला वेगळीच काळजी. "बाबा, आमच्या सिद्धनाथाला राग न्हाई न्हवं यायचा?"

"आवं मावशी, ती दोघं आपसात बघून घेतील," मी म्हणालो. ती हसली, पण पदर तोंडाला लावूनच.

देऊळ माणूसभर उंच, विटांचं. आत मूर्ती नाही, नुसता दिव्यापुरता कोनाडा. घंटा देवळाला न बांधता बाजूला दोन लाकडं रोवून टांगली, तिथल्या मनोऱ्याची आठवण म्हणून. पांढरे पट्टे चुन्याचे, काळे पट्टे चुन्यात काजळी कालवून. गवंडी म्हणाला, उभ्या जन्मात असलं देऊळ बांधलं नाही. मी म्हणालो, मी तरी कुठं बांधलंय.

गिलावा चालला असताना माझ्या डोक्यात आलं, की ह्याला पट्टे दिसणार कसे? मग मी गवंड्याला सांगितलं, पांढरा पट्टा बोटभर वर उचलून घे, म्हणजे हाताला कळेल. कितीतरी महिन्यांनी मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दोस्ताला धरून आणलं. त्यानं भिंतीवर हात ठेवला, वर नेला, खाली आणला. कंगोऱ्यावर बोटं अडली.

"ह्ये काय लावलंय रं?"

"पट्टे. तुला कळावंत म्हणून."

त्यानं हात काढून घेतला. "गड्या, ती भिंत गुळगुळीत व्हती. गारेगार. पडल्या पडल्या मी रातंदीस तिच्यावर हात फिरवायचो. काळं कुठं सपतंय, पांढरं कुठं लागतंय, काय बी कळायचं न्हाई."

मी भडकलो. "मग पट्टे हायत ह्ये तुला कळणार कसं?"

"तवा तरी कुठं कळत व्हतं? तू सांगितलंस म्हणून व्हते."

चिंचेखाली जाऊन बसलो. वाटलं, मिळेल ती मोटार धरावी आणि परत इकडं फिरकू नये. मोट वाट बघत होती, उसाच्या पाण्याची पाळी वाट बघत होती. पण गवंडी माझ्याकडंच बघत उभा होता. शेवटी उठलो. ओल्या गिलाव्याचे कंगोरे आम्ही खरवडून काढले आणि गुळगुळीत गोटे घेऊन भिंत घोटत बसलो. घोटता घोटता दिवस कलला, माझे खांदे भरून आले.

मग तो पुन्हा आला. या वेळी हात कुठंही अडला नाही. सरळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, आणि त्यानं गालही भिंतीला लावला.

"हां. हीच," तो म्हणाला. मग माझ्याकडं तोंड करून त्यानं विचारलं, "पट्टे हायत न्हवं?"

मी भिंतीकडं बघितलं. घोटताना काजळी पांढऱ्यात उतरली होती. अख्खी भिंत राखेच्या रंगाची झाली होती. काळं राहिलं नव्हतं की पांढरं.

त्याची आई दिवा घेऊन माझ्या मागं उभी होती. तिनं भिंत बघितली, मला बघितलं. मग पुढं होऊन तिनं दिवा कोनाड्यात ठेवला.

"हायत रं बाळा," ती म्हणाली. "काळं बी आन् पांढरं बी. लय ठसठशीत उठल्यात."

त्यानं चाचपत जाऊन घंटा वाजवली. मी तिथंच भुईवर बसलो, आणि बसल्या बसल्या मला झोप येऊ लागली.