लोणच्याची बरणी आणि सुरगाठ

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले आम्ही चौघे रविवारी पुलिकतच्या सरोवरात शिडाची होडी न्यायचो. तासाभरावर एक बेट आहे. चार खुरटी झाडं, बगळे आणि वाळू, एवढंच. तिथे जाऊन दहीभात खायचा आणि परत यायचं. त्यासाठी आठवडाभर वाऱ्याच्या चर्चा.

सुकाणू आमच्या तंजावरी मित्राकडे. वारा कुठून येणार ते त्याला मानेवर कळायचं. बेटाच्या काठाशी घोटाभर पाण्यात रोवलेल्या बांबूला होडी तोच बांधायचा, पक्की निरगाठ मारून. दुसऱ्या कुणी दोराला हात लावायचा नाही, हा नियम.

आठ वर्षांपूर्वी एकदा जेवून उठलो, तर बांबू जागेवर आणि होडी गायब. ती वाऱ्याबरोबर निघाली होती, ऐटीत. एका मासेमारानं आम्हाला हसत हसत ती ओढून आणली. दोर मागे लोंबत होता. कुणीतरी म्हणालं, "कप्तान, गाठ सुटली की रे तुझी." त्यानं दोराचं टोक हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

पुढच्या रविवारी तो सुकाणूवर बसलाच नाही. तेव्हापासून तो पुढे बसून डबे सांभाळायचा आणि ज्यांना वाऱ्यातलं काही कळत नाही ते आम्ही होडी हाकायचो. गाठीवरून थट्टा मात्र चालू राहिली. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा.

खरं असं आहे. त्या दिवशी बाकीचे पाण्यात डुंबत असताना मला होडीत राहिलेलं लोणचं आठवलं. होडी लांब दोराच्या टोकाला कमरेभर पाण्यात होती. तितकं भिजायचं जिवावर आलं, म्हणून मी बांबूवरचा दोर सोडून होडी काठावर ओढून घेतली, बरणी काढली आणि दोर परत बांधला. पस्तीस वर्षं कारखान्याच्या कचेरीत फायली बांधलेला माणूस मी. एका ओढीत सुटणारी सुरगाठ आपोआप मारली गेली.

गेल्या महिन्यात कप्तानाच्या नातीनं हट्ट धरला, आजोबा होडी चालवणार असतील तरच येते. तो नाही म्हणाला. तेव्हा मी एग्मोरला त्याच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं.

त्यानं विचारलं,

"लिंबाचं होतं ना?"

"लिंबाचं."

"सगळ्यात जास्त मीच खाल्लं होतं." मग म्हणाला, "मला वाटलं, माझे हात गेले. डॉक्टरला दाखवून आलो मी, गाढवा."

शेवटी त्यानंच सांगितलं, हे सगळं लिहून काढ आणि त्या दोघांना वाचून दाखव. लिहिलं, वाचलं. दोघांनी मला यथेच्छ झोडपलं.

परवा सुकाणूवर तो होता. नात पुढे बसून ओरडत होती, शीड वाऱ्यानं टम्म फुगलं होतं. बेटाशी पोचल्यावर त्यानं आधी लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली, मग दोर उचलला.

"हं, आता तिकडे लांब जाऊन उभा राहा."