सरांना वाचून दाखवलेली पुस्तकं

माझ्या चार कथा दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या आणि मी स्वतःला लेखिका समजू लागले होते. वाळूजच्या एका कारखान्यात, माल रवाना करण्याच्या विभागात मी चलनं करायचे. तिथल्या साहेबांनाही मी एक अंक नेऊन दिला होता. मग पाचवी कथा परत आली. संपादकांनी सोबत एकच वाक्य लिहिलं होतं, तुमची सगळी माणसं एकाच शाळेत शिकल्यासारखी बोलतात.

मी ते पत्र फाडलं. राग ओसरल्यावर जुन्या चारही कथा काढून वाचल्या. डॉक्टर, मोलकरीण, म्हातारा गुराखी, सगळे माझ्या कॉलेजातल्या बाईंसारखे बोलत होते. त्यानंतर तीन वर्षं मी एक ओळ लिहिली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, नोकरीतून वेळ कुठं मिळतो.

खरं तर वेळ होता. पहिली पाळी करून चारच्या सुमाराला मी बजाजनगरला घरी असायचे. नवऱ्याची बहुतेक दुसरी पाळी. दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष होतं. नळ कोरडे पडले होते आणि टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून इमारतीतल्या आम्ही बायका संध्याकाळी ड्रम, कळशा मांडून जिन्याशी बसून राहायचो.

तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहायचे. जुन्या शहरातल्या शाळेत त्यांनी हयातभर मराठी शिकवलेलं. मुलाला वाळूजला नोकरी लागली म्हणून मोहल्ला सोडून इकडं आले आणि आल्यावर वर्षाभरात त्यांची नजर गेली. अंधुक दिसायचं, पण अक्षर लागत नव्हतं. आम्ही त्यांना सरच म्हणायचो. एक दिवस ते पुस्तक घेऊन जिन्याशी माझ्याजवळ आले.

“ताई, बसलाच आहात तर दोन पानं वाचून दाखवता का? घरात कुणाला फुरसत नाही.”

मी वाचायला लागले. पानभर झालं असेल, तर सरांनी हात वर केला.

“बातम्या नका वाचू, ताई. ती बाई घाबरलीय.”

“घाबरलीय असं कुठं लिहिलंय, सर?”

“तेच तर. लिहिलं नाही. पण धुतलेलं भांडं ती पुन्हा का धुतेय?”

मी मागं जाऊन पुन्हा वाचलं. खरंच, त्या लेखिकेनं भीती हा शब्द कुठंच वापरला नव्हता. बाई भांडं धुते, पालथं घालते, उचलून पुन्हा धुते, एवढंच. मी लिहिलं असतं तर त्या बाईच्या काळजाच्या धडधडीवर अर्धं पान खर्ची घातलं असतं.

त्या दिवसापासून मी रोज वाचू लागले. मोठ्यानं वाचताना पळता येत नाही. वाक्य कुठं श्वास घेतं, कोण बोलायचं टाळतं, हे तोंडाला आधी कळतं. त्या उन्हाळ्यात आम्ही सात-आठ पुस्तकं संपवली. टँकर आला की मी पुस्तक सरांच्या हाती द्यायचे, पानात बोट तसंच ठेवून ते थांबायचे आणि मी पाणी वर चढवून परत यायचे.

मला पुन्हा लिहावंसं वाटू लागलं. आठवड्याभरात एक कथा लिहून मी सरांना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

“अच्छी है,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “पण ताई, ही तर ती भांड्याची गोष्ट लिहिणाऱ्या बाईंची कथा झाली. तुमची कुठंय?”

मला फार लागलं. दोन दिवस मी सरांकडं फिरकलेच नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी नातीकरवी निरोप धाडला, पुस्तक अर्धं राहिलंय.

ते पुस्तक एका खेड्यातल्या लेखकाचं होतं. त्यातली माणसं आमच्या सोयगावकडच्या माणसांसारखीच, तोडून तोडून बोलायची. वाचताना माझी जीभ आपोआप घरच्या वळणावर गेली. सर हसले. “ये आपकी असली आवाज है,” म्हणाले. शहरात शिकायला आले तेव्हा वसतिगृहातल्या मुली माझ्या ‘लई’ला आणि ‘नाय’ला हसायच्या. महिन्याभरात मी ते शब्द टाकून दिले होते. कागदावर तर त्यांना कधी येऊच दिलं नव्हतं. आणि इथं एक माणूस त्याच शब्दांत एका मरणाबद्दल लिहीत होता आणि कुणालाही हसू येत नव्हतं.

त्याच सुमाराला गावाकडची विहीर आटली आणि माझी आत्या आमच्याकडं राहायला आली. आमच्या खिडकीसमोरचं ज्वारीचं रान तोवर प्लॉट पाडून विकलं गेलं होतं आणि तिथं इमारत उठत होती. सकाळी मी कामावर निघायच्या आधीच एक गडी पाइप धरून नव्या स्लॅबवर पाणी मारायचा. एक दिवस आत्या बघत उभी राहिली.

“तो काय करून राह्यला?”

“स्लॅब पक्का व्हावा म्हणून पाणी मारतात, आत्या.”

“माणसाला नाय अन् भिंतीला पाणी?” ती म्हणाली. “लई तहान दिसती तिला.”

त्या दिवशी कामावरून आल्यावर मी कथा लिहायला बसले. गावाहून आलेली एक म्हातारी दिवसभर खिडकीतून इमारत वाढताना बघते, एवढीच गोष्ट. म्हातारी आत्याच्या बोलीत बोलते, तिची सून माझ्यासारखी सावरून बोलते आणि पाइपवाला निम्मं हिंदी, निम्मं मराठी. सरांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी एकदाही हात वर केला नाही. संपल्यावर एवढंच म्हणाले, “पुन्हा वाचा.”

मी ती त्याच संपादकांकडं धाडली. त्यांनी घेतली, पण तपासायला आलेल्या मजकुरात म्हातारीचं सगळं बोलणं कुणीतरी शुद्ध करून ठेवलेलं होतं. मी फोन लावला. “म्हातारीचं बोलणं मुद्दाम तसं लिहिलंय,” मी म्हणाले, “तसंच ठेवा, नाहीतर छापू नका.” त्यांनी तसंच ठेवलं.

अंक आला तेव्हा मी आत्याला कथा वाचून दाखवली. ती गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती.

“मी येवढी बोलती व्हय?” तिनं विचारलं. मग म्हणाली, “समदं खरं हाय. पण ती शेवटाला रडती, ते काढ. मी नव्हते रडले.”

“आता छापून झालंय, आत्या.”

“मंग पुढच्या टायमाला ध्यान ठेव.”

मी मान हलवली. नंतर एकटीनं तो शेवट पुन्हा वाचला. रडण्याच्या त्या दोन ओळी कुणाच्याच नव्हत्या, ना आत्याच्या, ना माझ्या. पेन घेऊन माझ्या प्रतीतून मी त्या खोडल्या, आणि त्या आठवड्यात नवीन कथेला हात घातला.