डीपी कुठला?

"डीपी कुठला?"

आमच्या गावचे वायरमन मामा कुणालाही आधी हेच विचारत. डीपी म्हणजे शेतात खांबांवर बसवलेला विजेचा ट्रान्सफॉर्मर. लाईट गेल्याची तक्रार असेल तर प्रश्न बरोबरच. पण स्वतःच्या मुलीला स्थळ आलं, तेव्हाही मामांनी मुलाचं शिक्षण विचारायच्या आधी डीपी विचारला. मामींनी कपाळावर हात मारला. "या अल्ला, नवरदेवाचा काय करंट तपासताय व्हय?"

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मला तो नीट मांडता येईल की नाही, शंकाच आहे.

आमचं गाव कवठे येमाईच्या बाजूला. माणसं मळ्यांवर विखुरलेली, त्यात थोरात मळे तीन, एक आमचा. एकदा आमच्या चुलत आप्पांना साप चावला. शेजारच्या गावच्या आरोग्य केंद्रातून ॲम्ब्युलन्स लगेच निघाली, पण गेली नदीकाठच्या थोरात मळ्यावर. आप्पा वाचले, पायाची दोन बोटं मात्र गेली.

पारावर सगळे ड्रायव्हरला शिव्या देत होते. मामा चिडले. "लाईट गेली की तुमी डीपी सांगता, आन् माणूस चालला की आडनाव! आडनावाला वळण असतं व्हय?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून कुठल्या डीपीला कसं जायचं ते लिहायची वही माझ्याकडे आली. मामा सांगत, मी लिहीत असे. चिंचेचा डीपी, ओढ्याआधी डावीकडं. म्हसोबाचा डीपी, शाळेमागून. आमचा जळका डीपी. तो कधीतरी जळाला होता. नवा बसवला तरी नाव तेच राहिलं. मी शुद्ध मराठीत 'जळालेले रोहित्र' असं लिहिलं. मामांनी वही लांब धरून वाचली.

"पोरी, हे रोहित्र कोण? आपल्या गावात ऱ्हातं का?"

मी खोडलं.

वही आरोग्य केंद्रात फोनजवळ टांगली गेली. मामांनी ड्रायव्हरशेजारी बसून त्याला सगळी वळणं फिरवून दाखवली.

त्याच उन्हाळ्यात वहिनीला दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या. मूल पायाळू आहे, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. दादा कुरकुंभला कंपनीत, पहिल्या पाळीला. मी सायकल दामटत गावातल्या फोनच्या बूथवर गेले. आरोग्य केंद्रात फोन लागला आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना.

"मी... थोरातांची... वहिनीला..."

"ताई, आडनाव ऱ्हाऊ द्या," पलीकडून ड्रायव्हर म्हणाला. "डीपी कुठला?"

"जळका!"

"निघालो."

मी धापा टाकत मळ्यावर पोचले, तर अंगणात नुसता धुरळा. आई दारात उभी.

"कुठं व्हतीस गं? गाडी येऊन वहिनीला घिऊन गेलीबी!"

मी सायकल टाकली आणि मोठ्यानं हसत सुटले. रडतही असेन. मायलेकी दोघी सुखरूप राहिल्या. मामा पेढा खाताना म्हणाले, "पोरगी जळक्या डीपीची, पर उजेड लई पाडंल."

निवृत्तीनंतर मामा लेकाकडे केडगावला गेले. काही वर्षांनी ते गेल्याचा निरोप आला. मी पुतणीला घेऊन मामींना भेटायला निघाले. केडगावात घर सापडेना. शेवटी एका किराणा दुकानदाराला विचारलं, "वायरमन मामांचं घर कुठंय?"

त्यानं हातातलं माप खाली ठेवलं. आमच्याकडे बघून हळूच हसला.

"आधी सांगा, तुमचा डीपी कुठला?"

मी सांगायला तोंड उघडलं. पण माझ्याआधी पुतणीच ओरडली, "जळका!"