ताप कोणत्या जिल्ह्यात येतो?

कापूस वेचताना ओटी कधी भरते ते कळत नाही. कमरेत कळ आली की मगच लक्षात येतं, अरे, बरंच ओझं झालं! आमच्या दवाखाना समितीच्या किश्शांचं तसंच झालंय. आम्ही काही किस्से जमवायला निघालो नव्हतो हो. डॉक्टर आणायला निघालो होतो. डॉक्टर धड मिळाला नाही, किस्से मात्र ओटीभर!

समिती म्हणजे एकूण तीन माणसं. एक मी, मंदा. सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात, आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरहून आत वळलं की आमचं मराठी गाव लागतं, तिथं माझं किराणा दुकान आहे. दुसरे देवीदास मास्तर, मराठी शाळेतून रिटायर झालेले. मराठी, हिंदी, तेलुगू तिन्ही भाषा येतात आणि तिन्ही भाषांत लांबलचक बोलतात. तिसरी शेवंतामाय. तिची वांग्या-मिरच्यांची वाडी आहे, आणि तोंड मिरच्यांपेक्षा तिखट!

आमची मागणी एकच. दवाखाना सगळ्यांना. कार्ड असो-नसो, शेत असो-नसो, माणूस आजारी पडला की जवळ डॉक्टर पाहिजे आणि तो फुकट पाहिजे. एवढी साधी गोष्ट समजावून सांगता सांगता आम्हीच आजारी पडायची वेळ आली.

*

सुरुवात झाली जिल्हा फुटला तेव्हा. एका आदिलाबादचे चार जिल्हे झाले. फटाके वाजले, पेढे वाटले. पेढे खाऊन झाल्यावर कळलं, आमचं गाव राहिलं जुन्या जिल्ह्यात आणि ओढ्यापलीकडचा आमचा सरकारी दवाखाना गेला नव्या जिल्ह्यात!

त्याच आठवड्यात शेवंतामायला थंडी वाजून ताप भरला. मी आणि मास्तर तिला घेऊन ओढ्यापलीकडं गेलो. तिथला माणूस म्हणाला, "तुमचं गाव आता आमच्याकडं नाही."

मग ऑटो करून जुन्या जिल्ह्यातल्या दूरच्या दवाखान्यात गेलो. तिथला म्हणाला, "तुमचं गाव अजून आमच्याकडं आलं नाही."

शेवंतामाय गोधडीत कुडकुडत होती. तशीच उठून उभी राहिली. "बापा, गाव तं जागीच हाये! तुमीच लोक इकडून तिकडं होऊन राह्यले. माहा ताप कोणत्या जिल्ह्यात येते तेवढं सांगा, तितं जाऊन कुडकुडते!"

तो माणूस हसला आणि त्यानं गोळ्या दिल्या. परत येताना ऑटोतच समिती स्थापन झाली. अध्यक्ष शेवंतामाय. बाकी दोघांना विचारलंच नाही कोणी!

*

मास्तर म्हणाले, आधी प्रचार पाहिजे. माझ्या दुकानाच्या भिंतीवर मराठीत लिहू या, 'दवाखाना सगळ्यांना'. मी म्हटलं, "मास्तर, साहेब लोकांना मराठी वाचता येत नाही." मग ठरलं तेलुगूत लिहायचं. आदिलाबादहून राजन्ना पेंटर आला आणि त्यानं झोकात लिहिलं, 'अंदरिकी वैद्यम'. म्हणजे सगळ्यांना उपचार. साहेबांची सोय झाली. पण आता गावाला वाचता येईना!

एका बस कंडक्टरनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. झालं! पारावरची मंडळी तडक दुकानात. "काऊन वं मंदा, दवाखाना फक्त अंदरच्यायले का? मंग आमी काय बाहेरचे हाओ?"

हिंदीतलं 'अंदर की' आणि तेलुगूतलं 'अंदरिकी' यांत काय फरक आहे हे मास्तर त्यांना दुपारभर समजावत बसले. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "समजलं मास्तर. पण अंदरच्यायले मिळून राह्यला का नाई, ते सांगा!"

वर आणखी गंमत अशी की राजन्नानं भिंतीच्या कोपऱ्यात जाहिरात म्हणून स्वतःचा मोबाईल नंबर टाकला होता. लोकांना वाटलं, डॉक्टरचाच नंबर! पंधरवड्यानं तो बिचारा मला फोन करून रडकुंडीला आला. "अक्का, तुमच्या गावचे लोक मला जुलाब सांगतात! मी कलर मारणारा माणूस!"

मी म्हटलं, "मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगणार? मीठ-साखरेचं पाणी प्या म्हणतो."

शेवंतामायला हे सांगितलं तर ती म्हणते, "राहू दे तो नंबर. पेंटर फोन तरी उचलते!"

*

ग्रामसभेत ठराव मांडला. मास्तरांनी भाषण केलं आणि म्हणाले, ज्यांना ज्यांना सगळ्यांसाठी दवाखाना पाहिजे त्यांनी हात वर करा. सगळे हात वर. मधेच किसननं विचारलं, "मास्तर, सगळ्यायले म्हणजे आमच्या धुऱ्याशेजारच्या नामदेवले बी?"

"हो. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना."

किसनचा हात खाली! "मंग मले नको. मी बिनादवाईचा राहीन, पण त्याच्यासंगं एका लाईनीत नाई उभा राहणार."

तिकडून नामदेवनंही हात खाली घेतला. त्यांचे भाऊबंद त्यांच्या मागं. निम्मी सभा हात खाली घालून बसली! आमचा ठराव दोन शेतांमधल्या वीतभर धुऱ्यावर अडला. मास्तर किसनला समजावत राहिले. अरे, तो खोकला तर जंतू धुरा पाहून थांबणार आहेत का? त्याचा टीबी तुझ्या पोरांना होईल, मग काय करशील? त्याला औषध मिळण्यात तुझाच फायदा आहे!

किसननं बराच विचार केला. मग हळूच हात वर करत म्हणाला, "बरं, द्या त्याले बी. पण त्याले मोठ्या सुईचं इंजेक्शन द्या!"

*

ठराव वर साहेबांकडं गेला, उत्तर आलं नाही. मग मंडल ऑफिससमोर, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीसमोर, धरणं धरलं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. वर बॅनर, 'आम्हाला डॉक्टर द्या'. खाली बॅनर बांधणारे मास्तर, तेच चक्कर येऊन पडले!

डॉक्टर आणायचा कुठून? डॉक्टर नाही म्हणून तर बसलो होतो! शेवटी गावोगाव मोटारसायकलवर फिरणाऱ्या आरएमपीला बोलावलं. डिग्री कमी आणि सलाईन जास्त असा माणूस! नको नको म्हणेपर्यंत त्यानं मास्तरांना तिथंच आडवं केलं, बॅनरच्याच काठीला बाटली टांगली आणि सुई लावली.

तेवढ्यात पेपरवाला आला आणि फोटो काढून गेला. आम्ही खूश, चला, बातमी तरी येईल! दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. मास्तर, सलाईन, आरएमपी, सगळं स्वच्छ. फक्त 'डॉक्टर द्या' एवढं कापलं गेलं होतं!

पुढच्या वेळी ऑफिसात गेलो तर साहेबांनी तोच पेपर आमच्यापुढं ठेवला. "गावात इतकी चांगली सोय आहे, मग तक्रार काय?"

मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि फोटोखाली तिन्ही भाषांत लिहून दिलं, 'डॉक्टर द्या'!

*

पण एक सांगते, मध्ये एक डॉक्टर खरंच आली होती. तरुण पोरगी, तेलुगू बोलणारी, हुशार. ओढ्याअलीकडं ग्रामपंचायतीच्या खोलीत बसायची. मराठी अक्षर कळत नव्हतं, म्हणून दुकान बंद ठेवून मी शेजारी बसायची, भाषांतराला.

पहिलीच म्हातारी आली. काय होतं? "काई नाई वं माय, कसंतरीच होऊन राह्यलं."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. आता 'कसंतरी'ला हिंदीत काय म्हणायचं? मी म्हटलं, "कैसा तो भी हो रहा है." दुसरा पेशंट, कसंतरीच. तिसरा, कसंतरीच! डॉक्टर वैतागली. "मंदाक्का, इस गाँव में सबको एक ही बीमारी है क्या?"

पण पोरगी शिकली. महिन्याभरात तिची पद्धत ठरली. पेशंट बसला की ती आपणच विचारायची, "कसंतरी एक्कडा?" म्हणजे कुठं? मग माणूस बोटानं दाखवायचा, इथं पोटात, इथं छातीत. दुखणं बरोबर सापडायचं. बाया तिच्यासाठी मेथी, हरभरा घेऊन यायच्या. किसन आणि नामदेव एकाच बाकावर बसायला लागले, तोंडं दोन दिशांना करून का होईना!

आणि एके सकाळी खोलीला कुलूप. काय झालं? डॉक्टरला उटनूरकडं डेप्युटेशनवर पाठवलं. तिकडं जंगलातल्या गावांना डॉक्टर नव्हता. आता त्यांना नको कसं म्हणायचं? आम्हीच तर भिंतीवर लिहिलं होतं, सगळ्यांना! चिडायचं कोणावर, तेही कळेना. मी दुकान उघडलं आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकावर चिडले.

*

मग आम्ही तिघं सोमवारच्या तक्रारीच्या दिवशी आदिलाबादला मोठ्या साहेबांकडं गेलो. हॉलभर गर्दी. कोणी बापाला खाटेवर घालून आणलेलं, कोणी तापलेलं लेकरू खांद्यावर घेऊन उभं. आमचा नंबर आला तेव्हा साहेब दमले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी शेवंतामायला खुर्ची दिली आणि हिंदीत विचारलं, "पेशंट कौन है?"

मास्तरांनी मराठीत करून सांगितलं. शेवंतामाय म्हणाली, "कोणीच नाई."

"आप बीमार हैं?"

"नाई."

"घर में कोई बीमार है?"

"घरी मी एकटीच हाओ."

साहेबांनी मागच्या रांगेकडं पाहिलं. "अम्मा, देखिए कितने लोग खड़े हैं। जो बीमार हैं उनको पहले आने दीजिए। आप बीमार पड़ेंगी, तब आइए।"

मास्तरांनी हेही सांगितलं. शेवंतामायनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"तवा बी निंगालो होतो साहेब. आमच्या मालकाले बैलगाडीत घालून. ते गुडीहत्नूरच्या अलीकडंच गेले. मी आज पोचली."

साहेब मास्तरांकडं बघू लागले. "क्या बोल रही हैं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. पण त्यांना बोलताच येईना.

साहेबांनी पुन्हा विचारलं, "मास्टरजी, क्या बोलीं?"

शेवंतामायनं मास्तरांच्या हातावर हात ठेवला आणि आपल्या मोडक्या हिंदीत स्वतःच म्हणाली, "कुछ नई साब. डागदर दे दो."