आगाशेकाकांची डिकी

आगाशेकाका गाडीची डिकी उघडत नसत, तिला विचारत असत. हा त्यांचाच शब्द. दर रविवारी सकाळी कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात ते आपल्या काळ्या विलायती मोटारीमागे उकिडवे बसत, कुलपात किल्ली घालत, कान पत्र्याला लावत आणि डोळे मिटून घेत. किल्ली इतकी हळू फिरवत की बघणाऱ्याला घाम फुटावा. बाजूला सुमतीकाकू मंडईच्या पिशव्या घेऊन गाडीला टेकून उभ्या असत. बऱ्याच वेळाने खट् असा आवाज होई, झाकण दोन बोटं वर येई आणि काका गुडघे धरून उठत. समोर जो कोणी सापडेल त्याला ऐकवत, "जोर लावायचा नाही. विचारायचं. तीही म्हातारी आहे, आपणही म्हातारे आहोत."

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. शाळेत शिकवत होते म्हणून ते मला 'मास्तरीणबाई' म्हणत आणि मराठी शाळा बंद पडतायत त्याचा जाब मलाच विचारत. स्वतः ते एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये तपासनीस होते. सुटे भाग मोजायचे, केसभर चूक असली तरी परत पाठवायचे, हे काम त्यांनी जन्मभर केलं. पुढे मोजायचं काम संगणकावरची यंत्रं करू लागली आणि काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. 'मिळाली' म्हटलं की ते भडकत. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची," म्हणत. निरोपाला दिलेलं घड्याळ त्यांनी माळ्यावर टाकलं आणि त्यानंतर सगळं लक्ष त्या मोटारीत घातलं. ती त्यांनी तरुणपणी कोणाकडून तरी मोडीच्या भावात घेतली होती. सोसायटीतली मुलं गळ्यात ओळखपत्रं अडकवून खराडीच्या आयटी कंपन्यांत कामाला जात आणि कर्जावर नव्या गाड्या आणत. जागेची टंचाई झाली तशी काकांना ही गाडी काढा म्हणून सुचवायला लोक येऊ लागले. काका त्यांना चहा देत आणि सांगत, "गाडी काढतो की. दर रविवारी काढतो."

आता डिकीची खरी गोष्ट. झाकणाखालचा रबराचा पट्टा जुना होऊन फुगला होता. तो झाकणाला वर ढकलायचा, त्यामुळे आतला आकडा खाचेत घट्ट अडकून बसायचा. झाकण खाली दाबलं तरच आकडा सैल होई आणि किल्ली फिरे. हे काकूंना कधीतरी आपोआप कळलं होतं. काका डोळे मिटून किल्लीशी संवाद साधत असताना काकू डाव्या कोपऱ्यावर कंबर टेकवून आपला सगळा भार टाकत. एकदा मी ते पाहिलं आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. जिन्यात गाठून हसत म्हणाल्या, "नीला, बोलू नकोस हं त्यांना. त्यांना वाटतं त्यांच्या हाताने उघडते. वाटू दे. नाहीतरी त्या कंपनीने हाताची काही किंमत ठेवली नाही त्यांच्या." मी कबूल केलं. त्यात मला त्या वेळी गंमतच वाटली होती.

काकूंचं आजारपण पावसाळ्यानंतर सुरू झालं आणि भराभर वाढलं. इस्पितळात न्यायच्या दिवशी घडीची चाकांची खुर्ची ठेवायला काका डिकीमागे बसले. काकूंना उभं राहवत नव्हतं, म्हणून त्या गाडीवरच कलंडल्या होत्या. डिकी उघडली. खुर्चीचे दांडे बाहेर येत होते, म्हणून काकांनी झाकण सुतळीने बांधलं. पुढे इस्पितळाच्या खेपांमध्ये ती सुतळी तशीच राहिली. काकू त्या खेपांतून घरी आल्याच नाहीत.

त्यांचा मुलगा मंदार अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये. तो येईपर्यंत थांबले, मग वैकुंठ स्मशानभूमीत सगळं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापलेक अस्थी घेऊन परतले. विसर्जन आळंदीला सकाळी करायचं ठरलं होतं. रात्रीपुरता कलश स्मशानातच ठेवायची सोय होती, पण काका म्हणाले, "अनोळखी लोकांत तिला झोप लागत नाही." अस्थी घरात न्यायच्या नाहीत ही आमच्याकडची रीत. लोक झाडाला टांगतात. सोसायटीत झाडं अशोकाची, त्यांच्या फांद्यांना कोण काय बांधणार? तेव्हा काकांनी सुतळी सोडली, काकूंच्या मऊ सुती साडीत गुंडाळलेला कलश डिकीत ठेवला आणि चोरीमारी नको म्हणून झाकण दाबून घट्ट लावलं.

सकाळी ते उघडेना.

मी तेव्हा इथे नव्हते. अंत्यविधी झाल्यावर आजारी बहिणीकडे साताऱ्याला गेले होते. दहाव्याच्या आदल्या दिवशी परत आले तर आवारात ही गर्दी. काका डिकीमागे बसलेले. दाढी वाढलेली, बोटांना तेल, नखांत काळं. इतके दिवस त्यांचा हाच उद्योग चालला होता. तेल घातलं, वंगण घातलं, तार घातली. मागच्या सीटमागे जाड पत्रा, त्यामुळे आतूनही वाट नव्हती. सोसायटीतला जो तो सल्ला देत होता. एक मुलगा मोबाइलवर व्हिडिओ शोधून देत होता. कोणी म्हणालं, झाकण दाबून बघू या का? काकांनी त्याचा हात झटकला, "दाबू नका! पत्रा बसेल. जोर लावायचा नाही म्हणून सांगितलं ना एकदा!"

मंदारच्या हातात पहार होती. शेजारी गॅरेजवाला कटर घेऊन उभा होता.

"बाबा, बास झालं. उद्या दहावा आहे. गुरुजी म्हणतात त्याच्या आत विसर्जन झालं पाहिजे. परवा माझं फ्लाइट आहे. तिकडे रोज दोघातिघांना काढतायत, मी रजा वाढवू शकत नाही. आणि प्लीज, बी प्रॅक्टिकल, ही गाडी ठेवून तुम्ही करणार काय?"

"तू कापणार आहेस तिला?"

"गाडीला!"

"आत ती आहे," काका म्हणाले. "ठिणग्या उडतात त्याच्या. एकदा जाळली ना आपण?"

मंदारने पहार खाली टाकली आणि बापाकडे पाठ करून रडायला लागला. गॅरेजवाला कटरच्या वायरीचं वेटोळं करू लागला. काका पुन्हा किल्लीला भिडले. किल्ली कुलपात खुळखुळत होती. ते अगदी हळू आवाजात म्हणत होते, "असं काय करतेस? अगं, असं काय करतेस?" हे ते गाडीला म्हणत होते की कोणाला, मला कळलं नाही.

मी सांगून टाकलं. "काका, काकू डाव्या कोपऱ्यावर टेकून भार द्यायच्या. मंदारला तिथे बसवा आणि मग किल्ली फिरवा."

"कधी?"

"दर रविवारी."

त्यांनी वर पाहिलं. तो चेहरा बघून मला वाटलं, त्यापेक्षा पहार परवडली असती. मग सरकून जागा केली आणि मुलाला म्हणाले, "बस."

मंदार बसला. किल्ली सहज फिरली. खट् आवाज झाला, झाकण दोन बोटं वर आलं आणि नेहमीसारखं कोणाला काही ऐकवायला काका उठले नाहीत. तिथेच जमिनीवर बसून राहिले. "म्हणजे मला उघडता येतच नव्हती," एवढंच म्हणाले.

झाकण मंदारने वर केलं. कलश आडवा झाला होता. झाकण लावतानाच्या दणक्याने लवंडला असेल. साडी सुटली होती आणि काकू डिकीभर सांडल्या होत्या. लोखंडी पाने, जॅक, तेलाचा जुना डाग, सगळ्यांवर ती राखाडी भुकटी आणि हाडांचे पांढरे तुकडे. पाहणाऱ्यांपैकी बरेच जण हळूच मागे सरले. काकांनी कोणाला हात लावू दिला नाही. चष्मा पुसून त्यांनी एकेक तुकडा दोन बोटांनी उचलला, निरखला आणि कलशात ठेवला. राख ओंजळीने भरली. आयुष्यभर कारखान्यात सुटे भागही ते असेच उचलून पाहत असतील. पण पत्र्याच्या सांध्यांत, तेलाच्या चिकट्यात बसलेलं निघेना. मंदार म्हणाला, "बाबा, जेवढं मिळालं तेवढं पुरे," तेव्हा ते उठले.

तसेच आळंदीला गेलो. घाटावर काकांनी कलश नदीत रिकामा केला. दुसऱ्या दिवशी दहावा झाला, त्याच्या पुढच्या दिवशी मंदार गेला. जाताना बापाच्या पाया पडला आणि उठताना त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारून तसाच राहिला. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जा. नोकरी सांभाळ," म्हणाले. पुढे दोन वर्षांनी काकाही गेले, झोपेत, पण मला ते आठवतात ते मंदार गेल्यानंतरच्या सकाळचे.

त्या सकाळी मी दूध घ्यायला खाली आले तर काका बादली आणि तांब्या घेऊन डिकीपाशी उभे. पाने, जॅक बाहेर काढून ओळीने मांडलेले. ते सांध्यांवर तांब्यातांब्याने पाणी सोडत होते आणि बोटाने सांधा मोकळा करत होते. डिकीच्या तळाच्या भोकातून करडं पाणी आवारातल्या फरशीवर उतरत होतं. मी म्हटलं, "काका, मी धरते तांब्या."

"नको, मास्तरीणबाई. एवढं तरी मी करतो."

पाणी फरशीच्या उतारावरून फाटकाकडे निघालं. तिथे सोसायटीचं गटार आहे. माझ्या तोंडून "अहो काका, गटारात..." निघून गेलं आणि मी जीभ चावली.

"गटार शेवटी मुठेलाच मिळतं," ते म्हणाले. "आळंदीपेक्षा मुठा तिला ओळखीची. माहेर मंडईमागे, नदीजवळच तिचं."

मग बादली खाली ठेवून ते त्या पाण्याबरोबर चालू लागले. पाणी कुठे खळग्यात थांबलं की तेही थांबत, चपलेने त्याला वाट करून देत नसत, पाणी आपणहून पुढे सरकेपर्यंत उभे राहत. आलेल्या पाहुण्याला सोडायला काका कधी जिन्याखाली आलेले मी पाहिले नव्हते. ते काम काकूंचं होतं. त्या दिवशी ते फाटकापर्यंत गेले आणि पाणी जाळीखाली दिसेनासं होईपर्यंत तिथेच उभे राहिले.